ज्या मालाला तराजू नाही

बाजारात गेलेला माणूस तराजूच्या काट्यावरून नजर हलू देत नाही. भाजीवाली वांगी तोलताना पारड्याला बोट तर लावीत नाही ना, कापडवाला कापड मोजताना ते ताणून तर धरीत नाही ना, सोनाराने दिलेल्या बांगडीवर हॉलमार्कचा शिक्का आहे ना, हे सारे तो डोळ्यांत तेल घालून पाहतो. माल थोडा जरी कमी भरला, तरी भर बाजारात चार शब्द सुनावायला तो मागेपुढे पाहत नाही. पण हाच चोखंदळ गृहस्थ एखाद्या रविवारी हॉटेलच्या थंडगार सभागृहात जाऊन बसतो, काही हजार रुपये मोजतो आणि दोन दिवसांत आत्मविश्वास, नेतृत्व, मनःशांती आणि यशाची गुरुकिल्ली असा चार जिनसांचा माल खरेदी करून घरी परततो. त्याच्या हातात एक रंगीत प्रमाणपत्र असते आणि खिशात पुढच्या, याहून महाग शिबिराचे पत्रक असते. मात्र विकत घेतलेला आत्मविश्वास शेरभर भरला की छटाकभर, असे कोणी विचारले तर त्याला उत्तर देता येत नाही. त्या मालाला तराजूच नाही!

हा व्यवसाय आज गावोगाव पसरला आहे. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे, संभाषणकलेचे वर्ग, ‘लाइफ कोच’ अशी पाटी लावणारे सल्लागार, मोबाइलच्या पडद्यावरून सकाळ-संध्याकाळ हाका मारणारे प्रेरक वक्ते यांची नुसती दाटी झाली आहे. त्यांना हसणे सोपे आहे. पण ज्याला गरज नाही त्यानेच हसावे. तालुक्याच्या गावाहून पुण्याला आलेला हुशार मुलगा मुलाखतीच्या खोलीत पाऊल टाकतो आणि त्याच्या तोंडाला कोरड पडते. पन्नाशीत कारखाना बंद पडलेल्या माणसाला उद्यापासून काय करावे ते सुचत नाही. नवऱ्यामागे दुकान सांभाळण्याची पाळी आलेल्या बाईला घेणेकऱ्यांशी कसे बोलावे हे कोणी शिकवलेले नसते. पूर्वी वाड्यात एखादे आप्पा किंवा एखाद्या आत्याबाई असत. त्यांचा सल्ला फुकट मिळे. आणि तो उलटला तर दुसऱ्या दिवशी त्यांना जाबही विचारता येई, कारण तीही त्याच वाड्यात राहत. आज सल्ला विकत घ्यावा लागतो आणि सल्ला देणारा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच शहरात असतो. गरज खरी आहे. म्हणूनच या व्यवसायातल्या सचोटीचा प्रश्नही खरा आहे.

गाडी कोणाची, मुक्काम कोणाचा?

‘कोच’ हा शब्द मोठा मौजेचा आहे. हंगेरी देशात कोच नावाचे एक खेडे आहे. पंधराव्या शतकात तेथे उत्तम घोडागाड्या तयार होत. गावाचे नाव गाडीला पडले आणि गाडीबरोबर तो शब्दही युरोपभर फिरला. पुढे १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी थट्टेने तो खाजगी शिकवणी घेणाऱ्या मास्तरांना लावला. परीक्षेच्या गावी सुखरूप पोहोचवणारी गाडी, ती कोच! तेथून तो शब्द खेळाच्या मैदानावर आला आणि आता तो माणसाच्या साऱ्या आयुष्याला जोडला गेला आहे.

पोरांच्या थट्टेत अर्थ मात्र मोठा होता. गाडी गाडीवानाची असली तरी मुक्काम उतारूचा असतो. गाडीवानाने कबूल केले तेवढेच भाडे घ्यावे. जो रस्ता आपण पाहिलेला नाही तो पाहिल्याची बतावणी करू नये. उतारूचे गाठोडे आपले समजू नये. आणि उतारूने ‘थांबवा’ म्हटले की गाडी थांबवावी. एवढे चार नियम पाळले की झाले. हे नियम मोडले म्हणजे काय घडते, हे पाहण्यापूर्वी ते पाळणे सोयीचे कसे पडते याचे एक उदाहरण पाहू.

हप्त्याने दिलेली फी

डेल कार्नेगी हे नाव मराठी वाचकांना नवे नाही. हा मिसूरी प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९१२ साली न्यूयॉर्कच्या १२५व्या रस्त्यावरील वायएमसीएमध्ये त्याने प्रौढांसाठी भाषणकलेचे वर्ग सुरू केले. दर वर्गाला दोन डॉलर मिळावेत, अशी त्याची मागणी होती. तेवढे देण्याची संस्थेची तयारी नव्हती. तेव्हा नफ्यातला हिस्सा घेण्यावर तोड निघाली. विद्यार्थी म्हणजे दिवसभर काम करून रात्री येणारे विक्रेते आणि व्यापारी. ते फी हप्त्याहप्त्याने देत, आणि उपयोग होत नाही असे वाटले की हप्ता बंद करीत. अशा व्यवस्थेत पोट भरायचे तर व्यवहारी शिकवण्यावाचून गत्यंतर नव्हते, असे कार्नेगीने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

कार्नेगी काही साधुपुरुष नव्हता. आपल्या आडनावाचे मूळ स्पेलिंग बदलून ते पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या आडनावासारखे करून घेण्याइतका तो धोरणी होता. परंतु त्याच्या वर्गात माल दर आठवड्याला तोलला जाई. काल ज्याचे पाय लटपटत होते तो आज उभा राहून बोलतो की नाही, हे साऱ्या वर्गाला डोळ्यांनी दिसे. पुढे १९३६ साली आलेले त्याचे पुस्तक जगभर खपले, त्याच्यामागे अशा चोवीस वर्षांची मेहनत होती. सचोटी त्याच्या स्वभावात किती होती हे देव जाणे. पण त्याच्या हिशेबाच्या वहीत ती होती. विद्यार्थ्याचा लाभ झाला तरच शिक्षकाचा लाभ, असे ते गणित होते.

गुण मात्रेचा, दोष पथ्याचा

आता हे गणित उलटे मांडून पाहा. सारी फी आधी घेतली आणि माल असा ठरवला की तो मिळाला की नाही हे कधी सिद्धच होऊ नये, तर काय होईल? भोंदू वैद्याची युक्ती आपल्याला ठाऊक आहे. रोगी बरा झाला तर गुण त्याच्या मात्रेचा आणि बरा झाला नाही तर दोष रोग्याच्या पथ्याचा! व्यक्तिमत्त्व विकासाच्या बाजारात ही युक्ती फार चालते. शंभरांतले पाच पुढे गेले की त्यांची छायाचित्रे फलकावर लागतात. उरलेल्या पंचाण्णवांना सांगितले जाते की तुमची श्रद्धा कमी पडली, तुम्ही मनापासून प्रयत्न केला नाही, तुम्ही वरच्या पायरीचे शिबिर केले नाही. बिचारा माणूस खाली मान घालून घरी जातो. पैसे गेल्याचे दुःख त्याला नसते. आपणच नालायक ठरलो हे शल्य मात्र राहते. न्यूनगंड घालवायला गेलेल्या माणसाला अधिक न्यूनगंड देऊन परत पाठवणे, ही या व्यवसायातली सर्वांत मोठी अप्रामाणिकता होय. कायद्याच्या कोणत्याही कलमात ती सापडत नाही.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सेडोना गावाजवळ ८ ऑक्टोबर २००९ रोजी या युक्तीचे टोक गाठले गेले. जेम्स आर्थर रे हा तेथला गाजलेला प्रशिक्षक. ‘द सीक्रेट’ या २००६ सालच्या चित्रपटात झळकल्याने त्याची कीर्ती घरोघर गेली होती. ‘आध्यात्मिक योद्धा’ घडवणाऱ्या त्याच्या पाच दिवसांच्या शिबिराची फी माणशी नऊ हजार डॉलरहून अधिक होती. शिबिरार्थींना छत्तीस तास अन्नपाण्यावाचून माळावर ठेवण्यात आले. त्यानंतर पन्नासाहून अधिक माणसे एका बुटक्या, ताडपत्र्यांनी आणि घोंगड्यांनी झाकलेल्या झोपडीत दाटीवाटीने बसवण्यात आली. मध्यभागी तापवलेले धोंडे आणून त्यांवर पाणी ओतायचे आणि त्या वाफेत बसून राहायचे. हा मुळात अमेरिकेतल्या आदिवासी जमातींचा पवित्र विधी. तो असा विकला गेल्याबद्दल त्या जमातींतल्या लोकांनी पुढे तीव्र नाराजी दर्शवली. आत बसणाऱ्यांना आधीच सांगून ठेवले होते की तुम्हांला मरणासारखे वाटेल, पण तुम्ही मरणार नाही. रे स्वतः दाराजवळ बसला होता.

सुमारे दोन तासांनी माणसे बाहेर आली तेव्हा कित्येक बेशुद्ध होती. त्या संध्याकाळी दोघांचा आणि नऊ दिवसांनी रुग्णालयात तिसऱ्या व्यक्तीचा मृत्यू झाला. २०११ साली न्यायालयाने रे याला मनुष्यवधाच्या अधिक गंभीर आरोपातून सोडले. पण निष्काळजीपणाने तीन मृत्यूंना कारण झाल्याबद्दल दोषी ठरवून दोन वर्षांची कैद दिली.

वाचक विचारतील, शिकलीसवरलेली ही माणसे उठून बाहेर का गेली नाहीत? दार काही कुलूपबंद नव्हते. दोन फेऱ्यांच्या मध्ये बाहेर जाण्याची मुभा होती आणि काही जण गेलेही. पण बाकीचे जे विकत घ्यायला आले होते ते म्हणजे धैर्य. आणि उठून जाणे म्हणजे ते आपल्यापाशी नाही याची चारचौघांत कबुली देणे! पन्नास जणांसमोर ही कबुली देण्यापेक्षा आणखी थोडा वेळ गुदमरणे त्यांना सोपे वाटले. ज्याच्या शब्दाने माणसाला स्वतःच्या छातीतल्या धडधडीपेक्षा दुसऱ्याच्या भाषणावर अधिक विश्वास ठेवावासा वाटतो, त्याच्यावरची जबाबदारी सामान्य दुकानदाराहून शतपट मोठी आहे. अशा माणसाने दार नुसते उघडे ठेवून भागत नाही. जाणाऱ्याचा मान राखून त्याला स्वतः दारापर्यंत पोहोचवले पाहिजे. मरण पावलेल्यांपैकी एका तरुणीच्या कुटुंबाने पुढे ‘सीक सेफली’ नावाची संस्था काढली. आत्मविकासाच्या प्रशिक्षकांकडून ती सचोटीचे जाहीर वचन मागते आणि ग्राहकांना सावधपणा शिकवते. लेक गमावल्यावरही या आईबापांनी आत्मविकासाची इच्छाच वाईट, असे म्हटले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

उतारूचे गाठोडे

प्रशिक्षकापाशी माणूस पैसे ठेवतो त्याहून मोलाची एक वस्तू ठेवतो. ती म्हणजे त्याचे गुपित. बापाने केलेला अपमान, संसारातला सल, एखादी जुनी चूक हे सारे तो मोकळेपणाने सांगतो, कारण ‘मन मोकळे केल्याशिवाय प्रगती नाही’ असे त्याला सांगितलेले असते. वकिलाने आणि डॉक्टरने असे गुपित फोडले तर त्याला जाब विचारणाऱ्या परिषदा आहेत. येथे कोण आहे?

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीजवळ कीथ रानिएरी या इसमाने १९९८ साली नॅन्सी साल्झमन हिच्यासह व्यवसायातल्या यशाचे धडे देणारे वर्ग सुरू केले. पुढे ‘नेक्सियम’ या नावाने ती संस्था गाजली. तिचे अभ्यासक्रम उद्योजकांनी केले, नामांकित नट्यांनी केले. पण आतल्या गोटात स्त्रियांचे एक गुप्त मंडळ होते. त्यात शिरणाऱ्या स्त्रीला स्वतःची बदनामी होईल असा मजकूर किंवा छायाचित्रे ‘तारण’ म्हणून द्यावी लागत. सावकाराकडे दागिना गहाण ठेवावा तशी येथे अब्रूच गहाण पडत होती. २०१९ साली रानिएरी दोषी ठरला आणि २०२० च्या ऑक्टोबरात त्याला १२० वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. अशी टोकाची प्रकरणे विरळा घडतात हे खरे. पण शिबिरात ऐकलेली एखाद्याची रडकथा पुढच्या गावच्या भाषणात ‘माझ्याकडे एक बाई आल्या होत्या’ म्हणून रंगवून सांगणे हीदेखील त्याच वाटेवरची पहिली पायरी आहे. ती मात्र विरळा नाही.

एकलव्याचा अंगठा

या झाल्या सातासमुद्रापलीकडच्या गोष्टी. आपल्याकडे गुरूचा महिमा मोठा; पण आपल्याच पुराणांनी गुरूची सचोटी किती कठोरपणे तपासली आहे ते पाहा. उत्तम क्रीडाशिक्षकाला आपल्या देशात १९८५ पासून जो पुरस्कार दिला जातो त्याला द्रोणाचार्यांचे नाव आहे. पण महाभारतातल्या द्रोणाचार्यांचे नाव काढले की आपल्याला अर्जुनाच्या आधी एकलव्य आठवतो. ज्याला शिकवले नाही त्याच्याकडून गुरुदक्षिणा घेतली, हा डाग हजारो वर्षे लोटली तरी गेलेला नाही.

आजचे द्रोण अंगठा मागत नाहीत, छायाचित्र मागतात. पुण्याच्या सदाशिव पेठेतून आणि नव्या पेठेतून चालत जा. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांचे फलक आणि त्यांवरची यशस्वी उमेदवारांची हसरी छायाचित्रे दोन्ही बाजूंना दिसतील. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने देशातल्या अशा जाहिराती तपासल्या तेव्हा आढळले की छायाचित्रातल्या कित्येक उमेदवारांनी त्या संस्थेत शेवटच्या मुलाखतीपुरते, तेही फुकट, मार्गदर्शन घेतले होते. पूर्व परीक्षा आणि मुख्य परीक्षा त्यांनी आपल्या बळावर पार केली होती. जाहिरात मात्र अशी की जणू श्रीगणेशाही याच संस्थेत झाला! अनेक संस्थांना दंड झाले आणि १३ नोव्हेंबर २०२४ रोजी प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. उमेदवाराने कोणता अभ्यासक्रम केला हे जाहिरातीत सांगितले पाहिजे. त्याची लेखी संमती हवी. आणि ती संमती निवड झाल्यानंतर घेतलेली हवी, प्रवेशाच्या वेळी कोऱ्या कागदावर नव्हे, असे त्यांत म्हटले आहे.

हे उत्तमच झाले. पण परीक्षेचा निकाल निदान छापून येतो. खोटे पकडता येते. समुपदेशन आणि खेळ यांना तर या तत्त्वांतून वगळले आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. ‘लाइफ कोच’ अशी पाटी लावायला मात्र खिळा आणि हातोडी पुरे. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनसारखी १९९५ साली स्थापन झालेली संस्था आपल्या सभासदांना आचारसंहिता घालून देते. गुप्तता पाळावी, आणि ग्राहकाला वाटेल तेव्हा संबंध थांबवण्याचा अधिकार असावा, असे तीत सांगितले आहे. पण जो सभासदच नाही त्याला ती बांधील नाही. म्हणजे फिरून आपण तेथेच येतो. बाहेरचा तराजू नाही. तेव्हा शिक्षकाने तो आपल्या हाताने मांडला पाहिजे.

यष्टीवरचे नाणे

असा तराजू मांडणारा एक माणूस आपल्या दादरच्या शिवाजी पार्कवर होऊन गेला. रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित असे एकाहून एक खेळाडू तयार केले. त्यांचे नाणे सर्वांना माहीत आहे. सायंकाळी सचिन दमला की सर मधल्या यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याला नाणे, आणि कोणीच बाद करू शकले नाही तर ते सचिनचे. या खेळात भाषण नव्हते. यष्टी उडाली की नाही हे साऱ्या मैदानाला दिसत होते. त्यात सरांना पारड्याला बोट लावण्याची सोयच नव्हती. दुसऱ्यांचा सामना पाहून टाळ्या वाजवीत बसलेल्या सचिनला त्यांनी सुनावले होते की इतरांसाठी टाळ्या कसल्या वाजवतोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असा खेळ कर. २०१३ च्या नोव्हेंबरात वानखेडेवर निरोप घेताना सचिनने सांगितले की एकोणतीस वर्षांत सरांनी एकदाही ‘चांगला खेळलास’ असे म्हटले नाही. दोन दिवसांत प्रत्येकाला ‘तू असामान्य आहेस’ असे सांगणाऱ्या आजच्या बाजारात हे मौन फार मोलाचे वाटते.

आणखी एक गोष्ट. आचरेकर सर स्वतः मोठे खेळाडू नव्हते. प्रथम श्रेणीचा एकच सामना ते १९६३ साली हैदराबादेत स्टेट बँकेकडून खेळले. त्यांनी ते लपवले नाही आणि त्याची भरपाई म्हणून थोर पूर्वायुष्याच्या कहाण्याही रचल्या नाहीत. गुरूने शिष्याइतके उंच असलेच पाहिजे असे नाही. गाडीवानाला गावाचा पाटील असावे लागत नाही. रस्ता ठाऊक असला म्हणजे पुरे. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ ही म्हण आपण अशा वेळी चटकन फेकतो. पण खरा दोष स्वतः कोरडे असण्यात नाही, ओले असल्याचे सोंग आणण्यात आहे. ज्या आचरेकरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, त्यांनी त्या नावाला लागलेला जुना डाग थोडा तरी फिका केला असे म्हणायला हरकत नाही.

घेणाऱ्याने काय विचारावे?

तेव्हा यंदा मुलाला, सुनेला किंवा स्वतःलाच एखाद्या शिबिरात पाठवण्याचा विचार असेल, तर पैसे मोजण्यापूर्वी चार साधे प्रश्न विचारून पाहावेत. शिबिर संपल्यावर मला नेमके काय करता येईल, जे आज येत नाही? मध्येच सोडावेसे वाटले तर उरलेले पैसे परत मिळतील काय? मी येथे जे बोलेन ते कोणाकोणाच्या कानी जाईल? आणि तुमच्याकडून शिकून ज्यांना काहीच लाभ झाला नाही, त्यांच्याविषयी तुमचे मत काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘त्यांची श्रद्धा कमी पडली’ असे उत्तर आले तर पाकीट खिशातच राहू द्यावे. ‘त्यांना माझी पद्धत लागू पडली नाही, काहींना डॉक्टरांकडे पाठवायला हवे होते, म्हणून पाठवले’ असे उत्तर आले तर तो माणूस नावाजलेला नसला, त्याचे सभागृह साधेच असले, तरी त्याच्यापाशी बसायला हरकत नाही. आपल्या विद्येची हद्द कोठे संपते हे ज्याने आपण होऊन सांगितले, त्याच्या बाकीच्या शब्दांवर भरवसा ठेवता येतो.

शिकवणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. वांगी विकणारी बाई तराजू ठेवते तो सरकारी निरीक्षकाच्या धाकाने असेल; पण वर एखादे वांगे टाकते ते तिच्या मनाने. उद्या तोच माणूस पुन्हा येणार आहे, हे तिला ठाऊक असते. आपला विद्यार्थी पुन्हा आपल्याकडे येण्याची गरजच पडू नये, असे ज्या शिक्षकाला मनापासून वाटते आणि तरीही जो आपले माप पुरे भरतो, त्याचा वर्ग कोणत्याही फलकावाचून भरलेला राहील.